मास्टरांचा हात आणि गॅसची कॅप्सूल

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

सेठने आज आमच्या मास्टरांना कटिंगच्या टेबलावरून उठवलं!

बावीस वर्षं झाली तिथे. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सचे इतके कारखाने, पण सदू मास्टरांचा कट म्हणजे कट. डेनिमचे ऐंशी थर एकावर एक टाकले तरी सगळ्यात वरची पँट आणि सगळ्यात खालची पँट, दोन्ही सारख्या. आणि आज त्याच माणसाला शिवून झालेल्या पँटींचे धागे कापायला बसवलं. नव्या पोरींच्या रांगेत, हातात चिमुकली कैची. सेठ म्हणाला म्हणे, "मास्टर, पहले हाथ ठीक करो. टेबल कहीं भागा नहीं जा रहा."

दीड वर्ष झालं, उजवा हात थरथरतो. आधी नुसता अंगठा आणि बोट, तंबाखू मळल्यासारखं चालायचं. आता अख्खा पंजा. पाय उचलत नाहीत, घासत चालतात. चेहरा तर असा झालाय की मी विनोद केला काय आणि भिंतीला सांगितला काय! कल्याणच्या मेंदूच्या डॉक्टरने मागच्या वर्षी सांगून टाकलं — कंपवात. जाणार नाही, वाढत जाणार. एक गोळी दिली, मग दोन, मग तीन. फरक काडीचा नाही.

रात्री ताटावरून उठले. म्हणाले, "अंजे, उद्यापासून डबा नको करू. घरीच बसतो."

बसतायत! मी बसू देईन तेव्हा ना. अंगणवाडीसाठी सरकारची अकरा रजिस्टरं भरते मी, कुठल्या पोराचं वजन किती ग्रॅम वाढलं तेसुद्धा. आता हे बारावं माझं. मास्टरांचा हात रोज कसा आहे ते यात लिहायचं. बघू या तरी.

१९ ऑगस्ट

डबा दिला. गेले. हात — खूप.

२१ ऑगस्ट

हात — खूप. चहा निम्मा मांडीवर.

सुजितच्या मेडिकलमध्ये गेले. मास्टरांची सकाळची गॅसची कॅप्सूल संपली होती. पर्समधून पाकिटाचा कापलेला तुकडा काढून दाखवला. मूळ चिठ्ठी कुठे गेली कोण जाणे, चार वर्षं या तुकड्यावरच चाललंय. आमच्या चाळीत सगळ्याच बायकांच्या पर्समध्ये असे चंदेरी तुकडे असतात, तीच आमची चिठ्ठी. सुजित म्हणाला, "काकू, ही येतच नाहीये वरून. तोवर ही घ्या, दुसऱ्या कंपनीची. साधी आहे, पण गॅसचीच."

गॅसची ती गॅसची. घेतली.

३० ऑगस्ट

हात — तसाच. आज चिडून पेला आपटला त्यांनी. मग पेला मीच उचलला आणि मीही आपटला! दोघं हसलो. म्हणजे मी हसले, त्यांचा चेहरा हलला नाही. पण डोळे हसले.

कौसाबाई भिंतीपलीकडून ओरडली, "काय फोडताव गं?" मोरिवलीची जुनी बाई, सत्तर पार, आवाज अजून फॅक्टरीच्या भोंग्याचा. तेजलला जन्म दिला मी, पण मी ड्युटीवर असायचे तेव्हा वाढवली हिने. येऊन बसली आणि म्हणाली, "बाय, मास्तरला कुनाची नजर लागली असंल." मी म्हटलं, "आमच्या घरात नजर-बिजर चालत नाही, बाबासाहेब बसलेत भिंतीवर." तर म्हणते, "मंग त्यांनाच सांग कायतरी करायला!"

९ सप्टेंबर

सकाळी शर्टाची बटणं स्वतः लावली. पाचही. मी काही बोलले नाही, उगाच दृष्ट... जाऊ दे, नुसतं लिहून ठेवते.

१५ सप्टेंबर

पाऊल वाजलं! घासलं नाही, वाजलं. मी भाकऱ्या करत होते, मागून चपलेचा टप टप आवाज आला. मला वाटलं कुणी दुसरंच आलं घरात.

२४ सप्टेंबर

हात — थोडा. बराच थोडा. आज माझ्या ब्लाउजची उसवलेली शिवण स्वतः घातली. सुईत दोरा दुसऱ्या झटक्यात. तेजलला बदलापूरला फोन केला, ती पण रडली. म्हणाली, "आई, कल्याणच्या डॉक्टरांची गोळी लागू पडली बघ."

वर्षभर नाही लागू पडली ती आताच कशी पडली? असो. लागू पडली ना!

३० सप्टेंबर

सुजितने हाक मारून दिली — "काकू, तुमची नेहमीची कॅप्सूल आली!" मास्टरांना तीच आवडते, पोट हलकं राहतं म्हणतात. घेऊन आले.

११ ऑक्टोबर, शनिवार

सगळं मातीत गेलं.

हात पुन्हा सुरू. पाय पुन्हा घासतात. सकाळी बटणं लावायला उभे राहिले, तिसऱ्या बटणावर थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. कामावर गेले नाहीत. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग राग आला. कुणावर येणार? वहीच घेतली आणि मागची पानं काढून बसले. कुठे चुकलं? मिठात? झोपेत? काय खाल्लं, काय सोडलं?

आणि दिसलं. एकवीस ऑगस्टला साधी कॅप्सूल. त्यानंतर बटणं, पाऊल, सुई. तीस सप्टेंबरला नेहमीची कॅप्सूल. आणि आज हे!

पोरांचं वजन वाढलं नाही की आम्ही आधी विचारतो, घरात काय बदललं? माझ्या घरात एवढंच बदललं होतं.

औषधांच्या डब्यातून साध्या कॅप्सूलचं रिकामं पाकीट काढलं. नेहमीचं समोर होतंच. भिंग घेऊन बसले. मागची अक्षरं मुंगीपेक्षा बारीक. साध्यात एकच औषध आहे. नेहमीच्यात दोन! पहिलं तेच. दुसरं भलतंच, एवढं लांब नाव की जीभ अडखळते.

१२ ऑक्टोबर

सुजितने दुकानात गिऱ्हाईक नसताना सांगितलं. ते दुसरं औषध पोटातलं अन्न पुढे ढकलायला असतं. पण ते मेंदूवरही काम करतं. "काकू, काही लोकांना हात थरथरणं, चालताना अडकणं होतं म्हणतात. बरीच वर्षं घेतली तर जास्त."

मी म्हटलं, "मग चार वर्षं देत होतास तेव्हा तोंडात गुळणी धरली होतीस का?"

मान खाली. म्हणाला, "तुम्ही तुकडा दाखवायचात, मी द्यायचो. सगळेच तसंच नेतात. आपल्या भागातली सगळ्यात जास्त खपणारी कॅप्सूल आहे ती."

तुकडा माझाच होता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शौनक डॉक्टरांकडे गेलो. कोपऱ्यावरचा दवाखाना, चार वर्षांपूर्वी कॅप्सूल यांनीच लिहिली होती. मधल्या काळात दहा वेळा तरी गेलो असू — सर्दीला, तापाला. दर वेळी विचारायचे, "बाकी औषधं चालू आहेत ना? चालू ठेवा."

मी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. हसले! "ताई, गॅसच्या गोळीने कुणाचा हात हलतो का? मोबाईलवर वाचलंत ना? कंपवात आहे त्यांना, वय आहे." वय सत्तावन्न. माझं पंचावन्न, मग मलाही हलवा!

टेबलावरच्या कॅलेंडरवर त्याच कॅप्सूलचं नाव. पेनावर तेच. भिंतीवरच्या घड्याळावर तेच. वेळसुद्धा कंपनीची!

"नेक्स्ट," म्हणाले. मास्टर उठले. मी नाही उठले. तर कंपाउंडरने दार उघडून धरलं.

१६ ऑक्टोबर

आज उल्हासनगरच्या सरकारी हॉस्पिटलात. साडेतीन तास रांग. डॉक्टर म्हणजे आमच्या तेजलपेक्षा लहान मुलगी, ऋता नाव. डोळ्याखाली काळं, पुढ्यात गार झालेला चहा. मी मनात म्हटलं, गेला आजचा दिवस.

मी बोलायला लागले तर म्हणाली, "थांबा मावशी, ती वही द्या." आणि वाचायला लागली. पान न् पान. बाहेर लोक ओरडतायत, ही वाचतेय. मास्टरांना चालवलं, बोटं आपटायला लावली, हात ताणून धरायला लावला. मग मला विचारलं, "हे तुम्ही रोज लिहिलंत?"

"अंगणवाडीची सवय."

"मावशी, मोठमोठ्या दवाखान्यांत एवढं कुणी लिहीत नाही." असं म्हणाली! शब्द न् शब्द असंच!

तिचं म्हणणं — बहुतेक कंपवात नाहीच. औषधाने आणलेला त्रास. आणि तो त्रास घालवायला वर आणखी तीन गोळ्या! गॅसची ती कॅप्सूल कायमची बंद. पण कल्याणच्या डॉक्टरांच्या गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत. "अर्धी-अर्धी कमी करत, मला दाखवत. कुठलीही गोळी अचानक बंद केली तर ती उलटते." दर आठवड्याचा तक्ता स्वतः काढून दिला. एक सरकारी फॉर्मही भरला, औषधाने त्रास झाला की कळवायचा असतो म्हणे. खाली माझी सही घेतली. मी विचारलं, याने काय होणार? म्हणाली, "एकाने काहीच नाही. शंभर गेले तर वर कुणीतरी विचारेल."

जाताना मास्टर तिला म्हणाले, "बेटा, चहा गरम करून घे."

१९ ऑक्टोबर

तक्त्याप्रमाणे अर्धी कमी. सगळ्या गोळ्यांच्या वेळा लिहून कपाटावर डकवल्यात. मास्टर म्हणतात, "तू बायको की जेलर?" दोन्ही.

२७ ऑक्टोबर

बटणं पाच! पाऊल वाजतंय!

२ नोव्हेंबर, रविवार

हात दुखेपर्यंत लिहिणार आहे आज. आजचा दिवस माझा होता.

मैदानात मोफत आरोग्य शिबिर होतं. मंडळाचं नाव, पण कमानीवर भाऊंचा फोटो, निवडणूक तोंडावर आहे ना. मांडव, खुर्च्या, वडापाव. तपासायला शौनक डॉक्टर. आणि टेबलावर खोकेच्या खोके — तीच कॅप्सूल! कंपनीने फुकट दिली म्हणे "समाजसेवेसाठी". रांग लागलेली. पोट दुखतं? घ्या. गुडघे दुखतात? त्या गोळ्यांनी ॲसिडिटी होईल, घ्या. झोप नाही? घ्या! माणसामागे अर्धं मिनिट, आणि हातात पाकीट. कौसाबाईला दोन दिली, म्हातारी म्हणून.

कार्यक्रमाला आभार प्रदर्शन लागतंच. आणि आभार कोण मानणार? अंगणवाडीच्या अंजनीताई! दरवर्षी मलाच उभं करतात, सरकारी बाई, गोड बोलते. भाऊंच्या माणसाने कागद दिला हातात. वर मान्यवरांची नावं, खाली "वेळात वेळ काढून".

मी माईक घेतला. कागद वाचायला सुरुवात केली. भाऊंचे आभार. मंडळाचे आभार. मांडववाल्याचे आभार. टाळ्या. मग डॉक्टरांचं नाव आलं आणि कागद मी घडी करून कमरेला खोचला.

म्हटलं, "आणि मी शौनक डॉक्टरांचे विशेष आभार मानते. त्यांनी चार वर्षांपूर्वी आमच्या मास्टरांना ही कॅप्सूल दिली, जी आज तुम्हाला फुकट मिळाली. त्यानंतर एकदाही विचारलं नाही की अजून घेता का. मास्टरांचा हात हलायला लागला. टेबल गेलं, मान गेला. तेव्हा डॉक्टर म्हणाले वय झालं. कॅप्सूल बंद केली आणि हात थांबायला लागला. मास्टर, उभे राहा. हात दाखवा सगळ्यांना!"

मास्टर उभे राहिले. हात समोर धरला. हलत होता, थोडासा. पण हा हात सगळ्या चाळीने दीड वर्ष पाहिलाय! कुणाला सांगायची गरज नव्हती.

भाऊंनी माईक ओढला. "ताई जरा भावूक झाल्यात..." मी सोडला नाही! अंगणवाडीत चाळीस पोरांकडून खेळणी सोडवून घेते मी, माझ्या हातातून माईक काढणार हे? म्हटलं, "भाऊ, भावूक नाही, मी तारखेनुसार बोलतेय. वही आहे." आणि वाचली. एकवीस ऑगस्ट. नऊ सप्टेंबर. तीस सप्टेंबर. अकरा ऑक्टोबर. मागून कुणीतरी ओरडलं, "माझ्या आईचे पण हात हलतात!" मग दुसरी. मग काय विचारता! लोकांनी पाकिटं टेबलावर परत आणून टाकली. ढीग झाला. कौसाबाई भोंग्याच्या आवाजात, "आरं घ्या तुमची समाजसेवा परत!"

भाऊंची गाडी कधी निघून गेली कळलंच नाही.

खोके भरून झाल्यावर शौनक डॉक्टर माझ्याकडे आले. चेहरा पडलेला. वही मागितली. उभ्या उभ्या वाचली आणि हळू आवाजात म्हणाले, "मला कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं, एकदम सेफ आहे." मी म्हटलं, "आणि आम्हाला तुम्ही सांगितलंत." बस. पण आत ढोल वाजत होते, ढोल!

५ नोव्हेंबर

दवाखान्याच्या दारावर कागद लागलाय, शौनक डॉक्टरांच्या अक्षरात — "गॅसची कॅप्सूल बरेच दिवस घेत असाल तर येऊन भेटा. तपासणी फी नाही." घड्याळ भिंतीवरून गेलंय. मी मुद्दाम दोनदा पुढून गेले.

१४ नोव्हेंबर

ऋता डॉक्टरांनी शेवटची अर्धी गोळीही बंद केली. म्हणाल्या, "मावशी, मी तुमच्या भागातले एकोणीस फॉर्म भरलेत या पंधरवड्यात." एकोणीस!

२४ नोव्हेंबर, सोमवार

मास्टर टेबलावर!

मी रजा टाकली आणि सोबत गेले. सेठ म्हणाला, "भाभी, आप भी?" म्हटलं, "हां, मैं भी." साठ थर टाकले होते, काळं डेनिम. मास्टरांनी पॅटर्न ठेवला, खडूने रेघ मारली. एका दमात, कमरेपासून खाली पायापर्यंत. कुठे लहर नाही. मग मशीन सुरू केलं. सगळ्या कारखान्याने शिलाई थांबवली, मी शप्पथ सांगते. त्या धागे कापणाऱ्या पोरी उठून उभ्या राहिल्या. पातं वळणावर आलं, मांडीच्या गोलाईवर, तिथेच कच्चा माणूस चुकतो. मास्टरांनी श्वास सोडला आणि पातं सरळ गेलं.

सेठने सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा तुकडा काढून एकमेकांवर ठेवला. बघितला. उलटा करून बघितला. "मास्टर," म्हणाला. सगळ्यांना लस्सी मागवली.

येताना रिक्षात मास्टर हसले. पूर्ण चेहऱ्याने. गालाला खळी पडते या माणसाच्या, मी विसरूनच गेले होते! रिक्षावाला आरशात बघत होता, बघू दे. मी हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. किती गरम आणि किती शांत हात.

३० नोव्हेंबर, रविवार

महिला मंडळाने सत्कार केला माझा. शाल, गुलाब, आणि "आपल्या चाळीच्या डॉक्टरीणबाई" असं फलकावर लिहिलेलं. मास्टर पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते, दोन्ही हातांनी. तेजलने व्हिडिओ काढला, तीनशे जणांनी पाहिला म्हणे. एक बाई पालेगावहून आली होती नुसतं मला बघायला!

संध्याकाळी दारात रांग. सगळ्यांच्या हातात चंदेरी तुकडे. भिंग घेऊन बसले, एकेकीची बघून दिली. पाणी प्यायलाही वेळ नाही. कौसाबाईच्या पिशवीत तर नऊ प्रकार निघाले! निम्म्या बाजूला काढल्या. म्हातारी खूश, म्हणाली, "बाय, तू होतीस कुठं इतकी वर्सं?"

झोप येत नाही आनंदाने.

९ डिसेंबर, मंगळवार

पहाटे कौसाबाई मोरीत पडली. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालंय, आवाज नाही.

तिची सून सोनिया हॉस्पिटलातून सरळ माझ्याकडे आली, ती गोळ्यांची पिशवी घेऊन. माझ्यावर रागावली नव्हती. म्हणाली, "काकू, डॉक्टर विचारतायत बीपीची गोळी कुणी बंद केली. मी सांगितलं, आमच्या अंजनीकाकूंनी नीट बघून काढल्यात. कुठल्या कुठल्या काढल्या ते लवकर सांगा, तुम्ही लिहून ठेवलं असेल ना?"

वही उघडली. त्या दिवसाच्या पानावर सगळं माझंच कौतुक आहे. एकाही गोळीचं नाव नाही.